अण्णांची दहा मिनिटं आणि अर्ध्यावर न चढणारा काटा

पत्र असं आहे:

“नमस्कार दादा, आम्ही निफाडजवळ मळ्यात राहतो. गेल्या दिवाळीत सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, २०१२ चं मॉडेल. शाळा चार किलोमीटरवर. मी तिथे शिकवते, लेक तिथेच शिकतो, रोज दोघं गाडीनं जातो. थंडी पडल्यापासून माझे सासरे, अण्णा, सकाळी साडेसहाला गाडी चालू करून ठेवतात. दहा मिनिटं, मधूनमधून रेस देत. त्यांनी वीस वर्षं प्रीमियर पद्मिनी गाडी चालवली आहे. दीर म्हणतो, या गाड्यांना असलं काही लागत नाही, चावी फिरवा आणि निघा. भाऊ कॅनडात विनिपेगला असतो, तो म्हणतो आम्ही तर गाडी रात्री विजेच्या प्लगला लावून ठेवतो. मी कुणाचं ऐकू? दुसरं म्हणजे, टेम्परेचरचा काटा कधी अर्ध्यावर येतच नाही. नाशिकला जाताना मोकळ्या रस्त्यावर तो आणखी खाली उतरतो, द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलो की चढतो. मेकॅनिक म्हणाला, ‘थंड राहतंय ते चांगलंच की, इंजिनाचं आयुष्य वाढतं.’ ॲव्हरेज अकराचं पडतंय, आधीच्या मालकाला सोळाचं पडायचं म्हणे. बाकी त्रास काही नाही. शेड घराला लागून आहे, तिन्ही बाजूंनी पत्रा, त्यामुळे सकाळी स्वयंपाकघरात थोडा धुराचा वास येतो, एवढंच.”

ताई, तुम्ही ‘एवढंच’ म्हणून जे शेवटी लिहिलंत, ते मी आधी घेतो. काटा, ॲव्हरेज, अण्णा आणि दीर यांचं नंतर बघू. उद्या सकाळपासून त्या शेडमध्ये गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवायचं नाही. एक मिनिटही नाही. चालू केली की लगेच अंगणात काढायची, आणि थांबायचंच असेल तर तिथे थांबायचं.

थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्हाला येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास, पण तो वास चुलीपर्यंत पोचतो म्हणजे हा वायूही पोचतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणसाला वाटतं थंडीनं होत असेल. सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो खरा, पण तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि उभ्या गाडीत तो फार सावकाश तापतो. म्हणजे अण्णांच्या त्या दहा मिनिटांतला बराचसा काळ तुमच्या स्वयंपाकघरात गाळणी न लावलेला धूर येतो. तिथे तुम्ही डबा करत असता आणि लेक बूट घालत असतो. हे वाचल्यावर माझं बाकी पत्रावरचं लक्षच उडालं होतं. घरात कुणाचं सकाळी डोकं दुखतंय का, हे आजच विचारा, आणि दुखत असेल तर डॉक्टरांना या धुराबद्दल सांगा.

आता अण्णा. ते चुकीचं काही शिकलेले नाहीत. त्यांची पद्मिनी कार्ब्युरेटरची होती. कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीवर पेट्रोल शिंपडणारं साधं भांडं, त्याला बाहेर थंडी आहे की ऊन हे कळायचं नाही. थंड लोखंडावर पेट्रोलची वाफ होत नाही, थेंब भिंतीला चिकटून राहतात, मिश्रण पातळ पडतं आणि गाडी धापा टाकून बंद पडते. म्हणून चोक ओढायचा, हवा कमी करायची, पायानं हलकी रेस द्यायची आणि इंजिन ‘धरेपर्यंत’ वाट बघायची. इंजिन न तापवता निघालेली पद्मिनी पहिल्याच वळणावर बंद पडायची, हे मी अंगानं भोगलंय. अण्णांच्या पायाला वीस वर्षांची ती सवय आहे.

साधारण २००० नंतर मात्र आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. तुमच्या गाडीत कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बुडालेला एक छोटा सेन्सर आहे. तो कॉम्प्युटरला सांगतो, पाणी सहा अंशांवर आहे. कॉम्प्युटर त्या हिशेबानं जास्त पेट्रोल सोडतो आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वाढवतो. सकाळी गाडी चालू केल्यावर इंजिनाचा आवाज जरा चढा असतो आणि मग आपोआप खाली बसतो ना, तो हाच प्रकार. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा असेल तर बघा, बाराशे-पंधराशेवरून सात-आठशेवर येतो. चोकचं काम गाडी स्वतः करते. त्यामुळे अण्णा जी रेस देतात ती आता मदतीची राहिलेली नाही, उलट घात करते. रात्रभर सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. ते पंपानं वर इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत रेस दिली की धातूवर धातू घासतो.

दीर निम्मा बरोबर आहे. उभं राहून तापवायची गरज नाही, हे खरं. पण ‘चावी फिरवा आणि निघा’ म्हणणारी मुलं त्याच दमात पहिल्या फाट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ताणतात, ते मी मान्य करणार नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तापला की लोखंडापेक्षा जास्त फुगतो. त्याची आणि सिलिंडरची सांगड तापलेल्या अवस्थेसाठी घातलेली असते. थंड असताना पिस्टन किंचित सैल असतो, ऑइल घट्ट असतं. अशा इंजिनावर जोर टाकणं म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाच्या डोक्यावर लगेच पोतं ठेवणं.

मग उभं ठेवून सावकाश तापवलं तर काय बिघडतं? बिनओझ्याचं इंजिन फार थोडं पेट्रोल जाळतं, म्हणून उष्णताही थोडीच निर्माण होते. दहा मिनिटांनंतरही ते कोमटच असतं. तेवढा सगळा वेळ कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. गरम इंजिनातून ती वाफ निघून जाते. थंड इंजिनात तिचं पाणी होतं. सकाळी सायलेन्सरमधून टपटप पडतं ते हेच. तिथे पडलं तर सायलेन्सर गंजतो, आणि काही वाफ पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते.

तेच गाडी चालवत तापवली तर इंजिनावर हलकं ओझं असतं, उष्णता भराभर तयार होते आणि ही वाईट वेळ लवकर संपते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंगं, शॉकअब्सॉर्बर यांतलं तेलही थंडच असतं. हे भाग गाडी हलल्याशिवाय तापतच नाहीत. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज पितं. रोजची दहा मिनिटं धरली तर महिन्याला तीनेक लिटर शेडमध्येच जळतात. थंड इंजिन जास्त पितं, म्हणून थोडं वरच धरा.

भावाचं म्हणाल तर तो त्याच्या गावापुरता अगदी खरं बोलतोय. विनिपेगला पारा उणे तीसपर्यंत उतरतो. त्या थंडीत ऑइल मधासारखं घट्ट होतं, बॅटरीची ताकद घटते, स्टार्टर इंजिन फिरवूच शकत नाही. म्हणून तिथे इंजिनात विजेचा हीटर बसवलेला असतो आणि बॉनेटमधून बाहेर लोंबणारी वायर पार्किंगमधल्या प्लगला लावतात. आपल्या लडाखमध्ये तर टाकीतलं साधं डिझेलच गोठायला लागतं, म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल तिथे आणलं. निफाडची थंडी मी हलकी समजत नाही. द्राक्षबागेत घड वाचवायला रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात, ती मी बघितली आहे. पण ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा. पाचचं ऑइल उणे तीस अंशांवर तपासलेलं असतं. आपल्या पाच-सहा अंशांत ते आरामात वाहतं. फक्त कुणी ‘जुनी गाडी आहे, जाड ऑइल घाला’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलंय का, ते मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर बघा. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल घाला.

आता काटा. तुमच्या पत्रातला खरा आजार हा आहे, आणि त्यालाच तुमच्या मेकॅनिकनं शाबासकी दिली.

इंजिनात कूलंट दोन वाटांनी फिरतं. थंड असताना ते इंजिनातल्या इंजिनात घुमत राहतं. रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर थर्मोस्टॅट वॉल्व्ह असतो, तो बंद असतो. त्याच्या पोटात मेणाची एक छोटी गोळी असते. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोचलं की मेण वितळून फुगतं, स्प्रिंगला रेटतं, झडप उघडते आणि मग गरम पाणी रेडिएटरकडे जातं. थंड झालं की परत मिटते. दिवसभर ही उघडझाप चालू असते, म्हणून काटा अर्ध्याच्या जवळ हलेनासा दिसतो. कूलंट ९० ते १०० अंशांच्या मध्ये असणं हीच इंजिनाची तब्येत. १०० ला ते उकळतही नाही, कारण सिस्टिमवर दाब असतो आणि कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं.

तुमच्या गाडीची ही झडप एकतर उघडी अडकलेली आहे, नाहीतर तिथे नाहीच. लक्षण तुम्हीच लिहून पाठवलंय. मोकळ्या रस्त्यावर वारा लागतो, रेडिएटर भरपूर थंड करतो आणि अडवणारं कुणी नाही, म्हणून काटा उतरतो. द्वारकेला गाडी उभी राहते, वारा बंद होतो, काटा चढतो. धडधाकट गाडीत या दोन्ही ठिकाणी काटा जवळजवळ तिथेच असायला हवा.

‘तिथे नाहीच’ हे मी उगाच लिहिलेलं नाही. आमच्या उमेदवारीच्या काळात उन्हाळ्यात तापलेली गाडी आली की पहिला हात थर्मोस्टॅटवर जायचा. काढायचा आणि फेकून द्यायचा. ‘आपल्या हवेत लागतोय कशाला?’ असं उस्ताद म्हणायचे. मीही कितीतरी काढले. मग एकदा अशीच एक गाडी, थर्मोस्टॅटशिवाय चार-पाच वर्षं फिरलेली, इंजिन उघडायला माझ्याकडेच आली. वरचं झाकण काढलं तर आत काळा गाळ, काकवीसारखा, बोटानं ओरपून काढावा इतका. सिलिंडरला नखाला लागेल एवढा कंगोरा पडलेला. रेडिएटर चोंदला होता म्हणून गाडी तापत होती, आणि आम्ही झडपेला दोषी धरलं होतं. त्यानंतर मी कुठल्याही गाडीतून थर्मोस्टॅट काढून मोकळी सोडली नाही. थंड राहणारं इंजिन सुखात नसतं. कॉम्प्युटरला कायम सकाळच वाटत राहते, तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. तुमची सोळाची अकरा व्हायला हे एक कारण आहे, चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी त्यात भर घातली.

खात्री घरच्या घरी होते. रात्रभर उभी असलेली गाडी अंगणात काढा, चालू ठेवा, बॉनेट उघडा. इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणारा जाड रबरी होज पाइप बाहेरून बोटानं चाचपा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांपासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकलेली आहे किंवा जागेवर नाहीच. हे करताना पदर, ओढणी, केस बांधून ठेवा आणि हात पंख्यापासून लांब, कारण रेडिएटरचा विजेचा पंखा न सांगता सुरू होतो, काही गाड्यांत तर चावी काढल्यावरही. आणि गरम गाडीत रेडिएटरचं झाकण कुणीही, अण्णांनीही, उघडायचं नाही. आतलं दाबाखालचं पाणी तोंडावर उडतं. गाडीत हीटर असेल तर पंधरा मिनिटं चालवल्यावरही तो कोमटच हवा देतो का, तेही बघा. मेकॅनिककडे स्कॅनर असेल आणि त्यात पी ०१२८ हा कोड निघाला, तर त्याचा अर्थ हाच: पाणी हवं तितकं तापत नाही. स्कॅनरवर सेन्सरचा आकडाही दिसतो. तिथे नव्वद आणि काटा मात्र खाली, असं असेल तर दोष काट्याच्या बाजूचा. होजवरून झडप ठीक दिसली, तर सेन्सर तपासून घ्या.

आणखी एक बघाच. ऑइल भरायचं झाकण उलटं करा. आत लोण्यासारखा पांढुरका-पिवळा थर दिसला तर घाबरू नका, लगेच हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायला परवानगीही देऊ नका. कूलंटच्या बाटलीतली पातळी खुणेवर टिकून असेल, तर तो थर बहुतेक त्या साचलेल्या वाफेचा आहे आणि गाडी नीट तापायला लागली की जातो. पातळी दर आठवड्याला उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, तपासून घ्या, तेव्हा टाळाटाळ नको.

नवा थर्मोस्टॅट महाग नसतो. मेकॅनिकला सांगा, गाडीच्या पुस्तकातल्या अंशांचाच हवा, आणि बसवताना कूलंटही बदलून घ्या. झडप काढणाऱ्यानं बहुतेक वेळा बोअरचं पाणी भरलेलं असतं. तुमच्याकडच्या बोअरच्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या चुन्यासारख्या भरतात, आणि मग उन्हाळ्यात गाडी खरोखरच तापते. तयार कूलंट घ्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं. जुनं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

रोज सकाळी काय करायचं ते सांगतो. चावी ऑनवर दोन सेकंद थांबा, क्लच दाबा, पायानं रेस न देता गाडी चालू करा. ऑइलचा लाल दिवा विझला की शेडबाहेर. तिथे काचेवरचं दव पुसा, लेकाचा पट्टा लावा, आरसे बघा. एवढ्यात अर्धं मिनिट होतं, आवाज खाली बसायला लागतो. मग निघा. शाळेपर्यंत हलक्या पायानं चाला, आरपीएम दोन-अडीच हजारांच्या आत. पहिली पाच मिनिटं हीटर लावू नका, तो इंजिनाचीच उष्णता ओढतो. काटा अर्ध्यावर आला म्हणजे फक्त पाणी तापलं, ऑइल तापायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे शाळेपर्यंत तुमचं ऑइल कधीच पुरतं तापणार नाही, थर्मोस्टॅट नवा असला तरी. त्यावर इलाज असा की आठवड्यातून एकदा नाशिकची किंवा तेवढ्या लांबची फेरी मारा, अर्धा-पाऊण तास सलग. मग ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. आणि ऑइल किलोमीटर बघून बदलू नका, दर सहा महिन्यांनी बदला. छोट्या फेऱ्या या गाडीच्या पुस्तकातही कष्टाच्या वापरातच धरलेल्या असतात.

अण्णांना हे कसं सांगायचं, तेही तुम्ही न विचारता सांगतो, कारण थंडीत साडेसहाला उठून सुनेची गाडी तयार ठेवणारा माणूस दुखावला जाऊ नये. त्यांचं काम काढून घेऊ नका, बदलून द्या. गाडी चालू करण्याआधी, थंड असतानाच, डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघायची, कूलंटच्या बाटलीची खूण बघायची, टायरला हात लावायचा. हे काम नवा माणूस करतच नाही आणि जुना डोळा ते फार चांगलं करतो. आणि मेकॅनिकनं जुना थर्मोस्टॅट काढला, तर तो घरी मागून आणा. एका रविवारी टाकाऊ पातेल्यात, जे परत स्वयंपाकाला वापरायचं नाही अशा, पाणी घ्या. तो थर्मोस्टॅट तारेला बांधून बुडाला न टेकवता पाण्यात सोडा आणि गॅस लावा. अण्णांच्या हातात थर्मामीटर द्या, लेकाला शेजारी उभं करा. धातूवर आकडा कोरलेला असतो. बिघडलेला असेल तर गार पाण्यातच तो उघडा दिसेल. मग नवा बसवण्याआधी तसाच पाण्यात सोडा. आधी मिटलेला असेल, आणि कोरलेल्या आकड्याजवळ पाणी पोचलं की मधली तबकडी हळूच सरकायला लागेल, उकळी फुटेपर्यंत चांगली उघडेल. गॅस बंद केला की परत मिटेल. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही हे डोळ्यांनी बघायला सहसा मिळालेलं नसतं.

झडप उघडी अडकलेली निघाली की जागेवर नव्हतीच, ते मला नक्की कळवा. आणि शेडचं उद्यापासूनच.